चेडोबाची हद्द

कापणी सुरू झाली की माझ्या पोटऱ्या चुणचुणायला लागतात. कित्येक वर्षांत मी विळा हातात धरलेला नाही. ठाण्याच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो, पायांत बूट असतात, बाहीवर खडूची पूड असते. तरी कार्तिक लागला, डोंबिवलीपुढची खाचरं पिवळी पडून आडवी व्हायला लागली, की भाताच्या धसकटांचे ओरखडे पायावर आहेत असं वाटतं. मी पायाकडे बघतो. काही नसतं. मोजे असतात.

यंदा या दिवसांत थकवा जरा जास्तच आहे. कारण साधं आहे. एक स्नेही मासिक काढतात. ते म्हणाले, "तुम्ही तिकडचेच आहात. कल्याण तालुक्यातल्या ऐतिहासिक खुणांवर एक लेख द्या. माहितीपूर्ण हवा." मी हो म्हणालो. 'तुम्ही तिकडचेच' हे शब्द मला आवडतात. आमच्या गावातून बी.ए. झालेला मी पहिला, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. पहिला होण्यासाठी किती चालावं लागलं ते चालणाऱ्यालाच माहीत.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा चाललो. दुर्गाडीवर जाऊन खाडीकडे बघत बसलो. अंबरनाथच्या देवळाच्या भिंतींवरून हात फिरवला. कल्याणच्या तलावाच्या काठाला एका म्हाताऱ्याला विचारलं, "हा कुणी बांधला?" तो म्हणाला, "पांडवांनी." अंबरनाथला विचारलं होतं तेव्हाही पांडवांनीच बांधलं होतं. एका खेड्यात पडक्या विहिरीजवळ विचारलं, तर तिथली बाई म्हणाली, "पांडव आलते, पन काम अर्धं टाकून गेलं. कोंबरा आरवला ना." आमच्या तालुक्यात पांडवांना फार राबवून घेतलेलं आहे. वनवासात असून त्यांना एक रात्र नीट झोप मिळालेली दिसत नाही.

घरी येऊन लिहायला बसलो आणि लेख पुढे सरकेना. किल्ला झाला, देऊळ झालं, तलाव झाला. पण या सगळ्या खुणा ज्यांना खूण म्हणून माहीत आहेत ते लोक बाहेरचे. ज्याचं घर किल्ल्याखाली आहे त्याला किल्ल्याची खूण लागत नाही. त्याला लागते ती वेगळीच. बाभळीचं खोड, ओहळाचं वळण, बांधावरचा खड्डा, ज्यात दर पावसाळ्यात तोच बैल अडखळतो.

आमचं गाव कल्याणच्या दक्षिणेला, डोंगराच्या अंगाला. वस्ती आगऱ्यांची. आमच्या शेतांना नंबर होते, पण ते तलाठ्याला ठाऊक. आम्हाला नावं ठाऊक होती. उंबराचं. दोनतोंडी. सासूचं, कारण तिथलं पाणी कधी आटत नसे आणि कुरकुरतही राही. आमच्या बाचं शेत उंबराचं. त्या शेतात कोळंबा जातीचं भात असं यायचं की शिजताना वासावरून शेजारच्या घरात कळायचं. बाला कुणी विचारलं, "म्हादू, शेत कवरं हाय?" तर बा एकर सांगत नसे. म्हणे, "उंबरापासून चेडोबापर्यंत." उंबर वरच्या टोकाला, चेडोबा खालच्या टोकाला, ओहळाच्या काठावर. ओहळापलीकडे दुसरं गाव सुरू. चेडोबा दोन्ही गावांचा. आमच्या बाजूने आमचा नारळ फुटायचा, त्यांच्या बाजूने त्यांचा, आणि देवाला दोन्हीकडून पाणी मिळायचं.

चेडोबा म्हणजे कमरेएवढा उभा देव. अंगावर शेंदराचा इतका जाड थर की त्याला खांदे फुटल्यासारखे दिसत. वरच्या बाजूला दोन उंचवटे होते, एक वाटोळा, एक अर्धा. आय म्हणायची ते त्याचे डोळे. एक मोठा आणि एक मिटलेला. लहानपणी मी त्या मिटलेल्या डोळ्याच्या बाजूने जायचो, म्हणजे त्याला दिसणार नाही.

मग लढाई आली. आमच्यापर्यंत लढाई म्हणजे तारेचं कुंपण. लष्कराला कल्याणच्या आसपास जागा हवी होती, आमचा सगळा माळ आणि त्याच्या खालची शेतं त्यांनी घेतली. किती दिवसांसाठी ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं कुणाला तेही कळलं नाही. बा म्हणत होता, "भात तरी कापू द्या." भात कापू दिलं, एवढं खरं. त्यानंतर यंत्रं आली. बांध गेले. उंबर गेला. खाचरांवर मुरूम पडला, त्यावर रस्ता झाला, रस्त्याखालून पाणी जायला मोरी झाली. आणि लष्कराला चुन्याचा भारी सोस. रस्त्याच्या कडेचा प्रत्येक धोंडा, झाडाचं प्रत्येक खोड त्यांनी पांढरं केलं. चेडोबालाही पांढरा केला. काढायला मात्र कुणी तयार झालं नाही. मजूर आसपासच्याच गावांतले होते, पहारीला हात लावीनात. तारेबाहेरून आय बघायची आणि म्हणायची, "बगा, त्येला कफन घातला."

त्या वर्षांत मी कल्याणला खोली घेऊन शिकत होतो, पुढे कॉलेजात गेलो. बा दुसऱ्याच्या खळ्यावर झोडणीला जात असे. स्वतःच्या शेताचा माणूस दुसऱ्याच्या खळ्यावर कसा उभा राहतो ते मी पाहिलं आहे. तो बसत नाही. काम संपलं तरी कडेला उभाच राहतो, जणू निघायचंच आहे.

स्वातंत्र्य मिळालं, लष्कर हललं, आणि फार दिवस जायच्या आत आमच्या गावाला निरोप आला की जमिनी परत मिळतील. नेमकी कापणीचीच वेळ होती. त्या एका हंगामाबद्दल मी हे सगळं सांगतो आहे. आजूबाजूच्या प्रत्येक गावात खळी सारवलेली, पहाटेपासून भारे आपटल्याचा दणका, हवेत पेंढ्याचा तो कोरडा, गोडसर, नाकात खाजणारा वास. दुपारी वारा पडला की कोंड्याची पिवळी धूळ तशीच लटकून राही. आणि आमच्या गावापुढे तव्यासारखी सपाट जमीन. तिच्यावर कापायला काही नाही, झोडायला काही नाही. तार काढलेली, खांबांचे खड्डे तेवढे उरलेले. पहिल्या दिवशी अख्खं गाव आत शिरलं, आणि शिरून मध्येच थांबलं. कुणाला आपलं शेत सापडेना.

हे मला शब्दांत नीट सांगता येत नाही. घरात अंधारात उठलेल्या माणसाला दार कुठे ते कळू नये, तसं. पण भर उन्हात. माणसं गोल गोल फिरत होती. एक म्हातारी एका जागी बसकण मारून म्हणाली, "ह्ये माझं," आणि दुसरी तिथेच म्हणाली, "तुझं कशाला, माझं." दोघी हसल्या, मग भांडल्या, मग उठून दुसरीकडे शोधायला लागल्या.

बा डोंगराच्या सुळक्याकडे तोंड करून उभा राहायचा, मग वळून ठाकुर्लीच्या वीजघराच्या धुराड्याकडे बघायचा. पूर्वी उंबराखाली उभं राहिलं की सुळका पाठीशी यायचा आणि धुराडं उजव्या खांद्यावर. आता उंबर नाही, तर उभं राहायचं कुठे? तो दोन पावलं सरके, पुन्हा बघे. धाकू पाटील ओहळापलीकडून ओरडला, "म्हादू, धुराकरं बगू नको रे, वारा सुटला तं तुझा शेत मुंब्र्याला जाईल." धाकू पाटील म्हणजे पलीकडच्या गावाचा वडीलधारा. बाच्याच वयाचा, बोलायला तिखट, आणि बाचं त्याच्याशी भांडण नव्हतं असं एकही वर्ष मला आठवत नाही.

मग मोजणीदार आले. लिमये त्यांचं नाव. बारीक अंगाचे, खोकला झालेला, गळ्याला मफलर. साखळी, झेंडे, साखळी ओढणारी माणसं. आमच्या गावासारखी कितीतरी गावं त्यांच्या गळ्यात पडली होती आणि प्रत्येक गावात माणसं त्यांच्याभोवती उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मला त्यांची कीव आली होती, आजही येते. नकाशा त्यांच्याजवळ होता. पण नकाशा जमिनीवर टेकवायचा तर जमिनीवर एक तरी जागा अशी हवी, जी हललेली नाही. दोन गावांच्या हद्दीवर जुना दगड दाखवला होता. तो मिळाला की तिथून साखळी टाकायची, सगळी शेतं आपोआप जागच्या जागी. तो नाही मिळाला, तर लष्कराने बांधलेल्या मोरीपासून मोजायचं. आणि मोरीपासून मोजलं की सगळं वर सरकत होतं. ओहळाकाठची काळी जमीन पलीकडच्या गावाला, आणि बाचं उंबराचं शेत जाऊन पडत होतं बरोबर मुरमाच्या रस्त्यावर. तिथे पुन्हा भात यायला बाचा जन्म पुरला नसता.

हे सगळं लिमयांनी लोकांना समजावून सांगितलं. तेव्हा मी गावात नव्हतो. पण त्या दिवसाची हकीकत मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की मला ती दिसते. लिमये लोकांना घेऊन ओहळापर्यंत गेले. लष्कर गेल्या गेल्या आयने आणि बायकांनी चेडोबाचा चुना धुवून त्याला पुन्हा शेंदूर फासला होता. लोकांनी चपला काढल्या, ज्यांच्याकडे होत्या त्यांनी. लिमयांनी विचारलं, "इथं कुठं जुना दगड आहे का? हद्दीचा?"

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"दगड नाय सायेब," बा म्हणाला. "सगलं काढून नेलं त्यांनी. हिथं निसता देव हाय."

"बघा, नीट आठवा."

"आठवायचं काय? ह्यो देव, आन् त्यो व्हाळ."

आणि लिमयांनी काय केलं? मफलर सारखा केला, चेडोबाला हात जोडले, आणि पुढे निघाले.

लोक खोटं बोलले नाहीत. लिमये मूर्ख नव्हते. एवढे सगळे लोक जे शोधत होते ते त्यांच्या मध्येच उभं होतं, आणि कुणालाच दिसलं नाही, कारण विचारणाऱ्याने दगड विचारला होता. पुढचे दोन दिवस ते आणि साखळीवाले ओहळाचा काठ उकरत फिरले. दगड मिळाला नाही. लिमये म्हणाले, उद्या मोरीपासून साखळी टाकतो.

त्या संध्याकाळी मी सुट्टीवर घरी आलो. बा ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. एरवी मी आलो की तो, "काय सायेब, पास का नापास?" असं विचारायचा. त्या दिवशी विचारलं नाही. आयने नाचणीची भाकरी आणि सुकट दिलं, आणि मला हळूच म्हणाली, "उद्या त्या सायबाला विंग्रजीत सांग काय तं." माझ्या इंग्रजीवर तिचा एवढा भरवसा होता की तिला वाटायचं इंग्रजीत सांगितलेलं सगळं होतं.

सकाळी मी लिमयांना भेटलो. कॉलेजचा मुलगा म्हणून त्यांनी मला नकाशा दाखवला, बोटाने खूण दाखवली. "ओहोळाच्या या वळणावर पाहिजे. बघून या हवं तर. माझे पाय आता चालत नाहीत." मी वळणाकडे निघालो. उतारावरून खाली आलो, आणि माझ्या पायांनी चपला काढल्या. मी काढल्या असं म्हणत नाही, पायांनी काढल्या. कित्येक वर्षं तिथे आलो नव्हतो, तरी तो उतार आला की पाय मोकळे होणार हे ठरलेलं. गार, ओलसर माती तळव्याला लागली. मी खाली चपलांकडे बघितलं, वर चेडोबाकडे बघितलं. नकाशातली खूण नेमकी इथेच होती.

पुढे जे शिकलो ते तेव्हा माहीत नव्हतं. आज माहीत आहे. असे दगड आमच्या तालुक्यात, ठाण्याकडे, घोडबंदरच्या वाटेवर, ठिकठिकाणी आहेत. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर हे दान टिकावं. आय ज्यांना डोळे म्हणायची ते तेच. मधे अक्षरं, कुणी कुणाला जमीन दिली त्याची. आणि खाली एक चित्र, गाढव आणि बाई यांचं, जे मी वर्गात मुलांना समजावून सांगत नाही. या जमिनीला जो हात लावील त्याला दिलेली ती शिवी आहे. राजाने दगडात कोरून दिलेली शिवी. चेडोबाच्या शेंदराखाली ती असणार, मला खात्री आहे. मी कधी खरवडून बघितलं नाही. राजा गेला, दान घेणारा गेला, अक्षरं वाचणारे गेले, आणि कशाला तरी घाबरायचं एवढंच शिल्लक राहिलं. त्याला माझ्या आजोबा-पणजोबांनी नारळ फोडला. विद्वान लोक याला अडाणीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. शिवी खाल्लेली माणसंच ती, शिवीतसुद्धा देव काढतात.

असो. मी चढून वर आलो आणि लिमयांना सांगितलं, "साहेब, चेडोबा हाच तो दगड."

ते खोकले. "अहो, मी नमस्कार केला त्याला," ते म्हणाले.

मी सांगितलं ते बरोबर होतं. आजही तेच सांगेन. पण सांगून सगळं संपलं असं मला वाटलं, तिथे मी कॉलेजचा होतो आणि बाकीचे गावाचे होते. माझं सांगणं पुरेसं नव्हतं. ज्याची जमीन त्याने सांगायला हवं, आणि पलीकडच्या गावाने मान्य करायला हवं. दुपारी लिमयांनी दोन्ही गावांना ओहळावर बोलावलं. आमचे लोक या काठाला, त्यांचे त्या काठाला, मध्ये चेडोबा, शेंदूर उन्हात चकाकणारा. दूर कुठेतरी झोडणी चालू होती. त्या दणक्यांखेरीज आवाज नव्हता.

"म्हादू, पुढं या," लिमये म्हणाले. "हा हद्दीचा दगड आहे ना?"

बा पुढे आला. "देव हाय सायेब."

"ते मला समजतंय. पण मी देव कुठे लिहू? हद्दीवर दगड आहे का नाही, एवढंच मला लिहायचं आहे."

पलीकडून धाकू पाटील म्हणाला, "लिवा ना सायेब, देव. आन् साक्षीला बोलवा त्येला. यायचा आसंल तं येईल, नाय तं नाय."

दोन्ही काठांवर लोक हसले. लिमयेही हसले. बा हसला नाही.

"पाटील, तुमचं काय म्हणणं?" लिमयांनी विचारलं.

"आमचं काय म्हननं असनार? शेत म्हादूचा चाललाय. आदी म्हादूनी बोलावं."

ते बरोबर होतं आणि अवघडही होतं. बा माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत मला वाटलं की तो विचारतोय, दुसरा शब्द आहे का? तू एवढं शिकलास, या दोन शब्दांच्या मधला एखादा शब्द तुमच्या पुस्तकात आहे का? मी पुष्कळ शब्द शिकलो होतो. शिळा, पाषाण, स्तंभ, मूर्ती. त्यातला एकही त्या ओहळावर चालण्यासारखा नव्हता. आय बायकांत उभी होती, पदर तोंडाशी धरून. ती बघत होती बाच्याकडे, मग चेडोबाकडे, मग पुन्हा बाच्याकडे.

लिमये घाई करत नव्हते. त्यांनी मफलर काढून पुन्हा गुंडाळला.

बा खाली बघत म्हणाला, "लिवा. दगड हाय."

"हद्दीचा?"

"हद्दीचा दगड हाय."

"पाटील?"

धाकू पाटलाने तंबाखूची चिमूट ओठाखाली सारली. "मंग काय राहिला? त्यानी सांगितला ना. त्यो कंदी हालला नाय, आमच्या आज्यापासून तितंच हाय. येवरं आमचंबी लिवा."

मी पुढे पुष्कळदा या वाक्याचा विचार केला आहे. काळ्या जमिनीचा एक अख्खा पट्टा धाकू पाटलाच्या गावाला बसल्या जागी मिळत होता. तो त्याने एका वाक्यात सोडला, खोटं बोलला नाही. आणि त्याच वाक्यात तो शब्द मात्र तोंडाने उच्चारला नाही. 'त्यो' म्हणाला. त्याला ते जमलं, कारण शब्द आधीच पडला होता. बाने पाडला होता. पहिला जो बोलतो त्याला आडोसा नसतो.

साखळी पडली. झेंडे लागले. सूर्य कलायच्या आत उंबराचं शेत जिथल्या तिथे आलं, उंबर नव्हता तरी. लोक बाच्या पाठीवर थाप मारत होते. कुणीतरी म्हणालं, "म्हादूचा पोरगा शिकला त्याचं सार्थक झालं." मला ते ऐकून बरं वाटलं. का वाटू नये? बा झेंड्यांच्या चौकोनाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मी जवळ गेलो. त्याने मुरमाचा खडा उचलला, बोटांत चुरायचा प्रयत्न केला, चुरला नाही. "लय कष्ट हायत अजून," एवढंच म्हणाला.

कष्ट होतेच. वरचा अर्धा भाग मुरमाखाली होता. बा, आय, मी सुट्टीत येई तेव्हा मी, पाट्या भरभरून मुरूम उचलत राहिलो. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या बाजूला थोडी लावणी झाली. तिसऱ्याला बऱ्यापैकी. या काळात घरातल्या दोन गोष्टी बदलल्या आणि त्या कुणी मोठ्याने बोलून दाखवल्या नाहीत. अमावास्येला चेडोबाला तेल घालायला बा जायचा, तिथे आता आय जायला लागली. आणि नांगर धरताना बा ओहळाच्या अंगाला यायचा तेव्हा बैल जरा आधीच वळवायचा. तेवढी एक पट्टी नांगराशिवाय राहायची. तिथे गवत वाढायचं. काळी जमीन, मिळावी म्हणून जिच्यासाठी सगळं झालं, तीच. मी एकदा म्हणालो, "बा, तिथवर आपलीच आहे." बा म्हणाला, "हाय ना. ठाव हाय."

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा जेवताना म्हणालो की शब्दाने काय होतं, सरकारी कामाचा शब्द तो, देव काय कमी होतो का. बाने ऐकून घेतलं. आय म्हणाली, "त्याला भात वाढू का?" म्हणजे मला. म्हणजे गप्प बस. आमच्या घरात असंच गप्प बसवायचे.

शिकलेल्या माणसाला वाटतं की शब्द ही त्याची मालमत्ता आहे. त्याच्याकडे जास्त आहेत म्हणून. मीही त्यातलाच. पण ज्याच्याकडे मोजकेच शब्द असतात त्याचा प्रत्येक शब्द वापरात असतो, भांड्यासारखा. एक गेला की त्याच्या जागी दुसरा येत नाही, तिथे काही नसतं.

आता त्या भागात वस्ती वाढते आहे. विठ्ठलवाडीकडची छावणी निर्वासितांनी भरली, नवी घरं उठताहेत, आणि माणसं पत्ता सांगताना लष्करी बराकीच्या नंबरावरून सांगतात. त्यांची तीच खूण. दहा वर्षांत दुसरी होईल. परवा दुर्गाडीवर उभा होतो तेव्हा मला वाटलं, खुणा टिकत नाहीत याचं कुणी फार वाईट वाटून घेऊ नये. त्या टिकवायला माणसाला काय द्यावं लागतं ते विचारावं.

उंबराच्या शेतात पुन्हा भरून भात आलं ते मी बी.ए. झालो त्या वर्षी. मी निकाल घेऊन घरी गेलो तेव्हा कापणी चालू होती. बाने निकाल विचारला, मी सांगितला, त्याने विळा दुसऱ्या हातात घेऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. भिजलेला, भाताच्या पातीने कापलेला हात. मग पुन्हा वाकला. मी बूट काढले, धोतर खोचलं आणि त्याच्या शेजारी लागलो. दव अजून उतरलं नव्हतं, कणसं जड होती, आणि कोळंब्याचा तो वास, हिरवा आणि दुधाचा.

आमच्याकडे रीत अशी की नव्या भाताची पहिली पेंढी चेडोबापुढे ठेवायची. घरच्या कर्त्याने. बाने पेंढी बांधली. बंध घट्ट ओढला, कणसं सारखी केली, एक वाकडी काडी काढून टाकली. उगाच वेळ लावत होता. मग ती माझ्याकडे दिली. "ठेवून ये."

"तू चल ना."

"तू जा."

मी पेंढी घेऊन खाली गेलो. पलीकडच्या काठाने धाकू पाटीलही त्यांची पेंढी घेऊन उतरत होता. थकल्यासारखा दिसत होता, पाय जपून टाकत होता. त्याने पेंढी ठेवली, हात जोडले, काहीतरी पुटपुटला. मी आमची ठेवली. धाकू पाटलाने मान वर करून शेतात बघितलं. बा नांगर न लागलेल्या त्या पट्टीच्या अलीकडे उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

"म्हादू," धाकू पाटील ओरडला. "इकरं ये. किती वर्षां राग धरतो? तू बोललास त्यो काय देवानी आयकला का?"

बा वळला नाही. वाऱ्यावर त्याचा आवाज इतका साधा आला की मला आधी वाटलं तो भाताबद्दल काही सांगतोय.

"नसंल आयकला तं त्यो दगड. आन् आयकला असंल, तं कंच्या तोंडानं येऊ?"

धाकू पाटील ओहळ ओलांडून, धोतर भिजवत, आमच्या बाजूला आला. शेतात शिरला, विळा काढला, आणि बाच्या शेजारच्या ओळीत वाकून आमचं भात कापायला लागला.